फुकटची वीज, हमीचा ऊस

लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हापासून जो तो आमच्या उसाला नावं ठेवतो. मग आम्ही लावायचं तरी काय? (एक शेतकरी, औसा तालुका)

मिरजेहून पहिली पाण्याची गाडी आली ती एप्रिल २०१६ मध्ये. दहा टाक्या, पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात उसाला बोल लावणाऱ्यांत मीही होतो. आज मी तोच हिशेब बांधावरून नाही, दिल्लीपासून मांडीन. दर आधी जाहीर, गिऱ्हाईक ठरलेलं आणि चौदा दिवसांत पैसे देण्याचं कायद्याचं बंधन, हे सगळं उसाशिवाय कुठल्या पिकाला आहे? २०२४-२५ च्या हंगामात १०.२५ टक्के साखर उताऱ्याला एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा किमान दर, होती क्विंटलमागे ३४० रुपये. (बिलं थकतात, मान्य. पण थकलेल्या बिलासाठी जाऊन बसायला कारखान्याचं गेट तरी असतं.) त्याच वर्षी सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि आडतीवर बरंचसं सोयाबीन त्याहून खाली गेलं. तुम्ही ऊस लावलात, यात वेडेपणा कसला?

पण पाण्याचा हिशेब टळत नाही. राज्यातल्या पिकाखालच्या जेमतेम चार टक्के जमिनीवरचा ऊस सिंचनाचं जवळपास सत्तर टक्के पाणी पितो, असं केंद्राच्या कृषी मूल्य आयोगानेच नोंदवलंय. सध्या जमेल ते एवढंच: ऊस ठेवायचा तर ठिबकवर आणि बेताचा. तूर-सोयाबीनची खरेदी केंद्रं वेळेवर उघडली, तर उरलेलं काम सल्ल्यावाचून होईल.

साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांचं वीजबिल माफ झालं. यात पर्यावरणाचं काय बिघडलं?

तुमच्या स्टार्टरला ऑटो स्विच बसवलाय ना? रात्री दोनला लाइट येते, मोटर आपोआप सुरू होते, मालक झोपेत आणि पाणी सरी फोडून ओढ्याला. दोष झोपेचा नाही. लाइट रात्रीची देणाऱ्यांचा आहे. पण युनिटला पैसे पडत असते, तर हे पाणी कुणाच्या तरी डोळ्यांत खुपलं असतं.

आपल्याकडे खाली काळा पाषाण. पाणी असतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. ते उपसून संपलं की बोअर कितीही खाली न्या, बहुतेक वेळा फुफाटाच उडतो. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्याने शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल, म्हणजे साधारण दोनशे फुटांपुढच्या विहिरीला मनाई केली आहे. बोअरची गाडी गावात आल्यावर हा आकडा कुणी काढल्याचं मी तरी ऐकलं नाही.

कृषी सहायक म्हणतात युरिया कमी टाका. स्वस्त आहे तर का कमी टाकायचा?

स्वस्त आहे म्हणूनच जास्त पडतो. २०१० मध्ये केंद्राने अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान आणलं. स्फुरद-पालाशच्या खतांचे भाव मोकळे केले, युरिया मात्र बाहेर ठेवला. आजही ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, तर स्फुरद देणाऱ्या डीएपी खताच्या ५० किलोंना १,३५० मोजावे लागतात. युरियातलं पिकाला न लागलेलं नत्र नायट्रेट होऊन विहिरीत उतरतं, आणि तेच पाणी घरात येतं. माती तपासा, मात्रा विभागून द्या.

ई-२० पेट्रोल हिरवं, असं म्हणतात. खरं का? (पुण्याहून)

गाडीच्या धुरापुरतं थोडंफार. पण पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचं २०३० चं उद्दिष्ट २०२५ वर ओढलं, तेव्हा नीती आयोगाच्याच आराखड्यात हिशेब होता: उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल म्हणून केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर लगाम घातला आणि पुढच्या हंगामासाठी तो सैल केला. भीती साखरेची होती, पाण्याची नव्हती. अलीकडे मक्याचा वाटा वाढतोय. मका पाणी कमी पितो, पण कोंबड्यांचं खाद्य महागल्याची ओरड सुरू झालीच. तुमच्या टाकीत पडलं ते उसाचं की मक्याचं, हे मात्र पंपावर कुणी सांगणार नाही.