महापालिकेत नकाशे जुळवण्याच्या नोकरीला पुढे काय आहे?

परभणीच्या पालकांस,

स. न. वि. वि.

आपले सविस्तर पत्र मिळाले. आपली कन्या भूगोल घेऊन बी.एस्सी. झाली, नंतर तिने जीआयएसची (संगणकावर नकाशे आणि त्यांमागची माहिती हाताळण्याच्या तंत्राची) पदव्युत्तर पदविका घेतली आणि गेल्या दीड वर्षापासून ती एका खासगी एजन्सीमार्फत मराठवाड्यातील एका महापालिकेत 16 हजार रुपये महिन्यावर काम करते. सुरुवातीचे वर्षभर ती ड्रोनच्या छायाचित्रांवरून घरांच्या बाह्यरेषा आखत होती. आता सहा महिन्यांपासून मालमत्ता कर, पाणीपुरवठा, ड्रेनेज आणि नगररचना या विभागांकडून नकाशे व याद्या गोळा करून त्या एकमेकांशी जुळवण्याचे काम तिच्याकडे आले आहे. ही निव्वळ कारकुनी आहे, उद्या संगणकच ती करील, तेव्हा तिने नोकरी सोडून ग्राम महसूल अधिकारी (तलाठी) पदाच्या परीक्षेची पूर्णवेळ तयारी करावी, असे आपले म्हणणे आहे, आणि ती ऐकत नाही, म्हणून मी तिची समजूत घालावी अशी आपली अपेक्षा आहे. ती समजूत मी घालणार नाही. मात्र आपल्या शंकेतला एक भाग खरा आहे आणि तिथूनच सुरुवात करणे योग्य होईल.

घरांच्या बाह्यरेषा आखण्याचे काम यंत्राकडे चालले आहे, हे आपण बरोबर ओळखले. गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या दोन्ही कंपन्यांनी यंत्राने ओळखून आखलेल्या कोट्यवधी इमारती सर्वांसाठी खुल्या केल्या असून त्यांत भारतातील इमारतीही आहेत. कन्या पहिले वर्षभर जे करत होती तेच आयुष्यभर करणार असती, तर मीही आपल्याच बाजूने बोललो असतो. परंतु सहा महिन्यांपूर्वी तिला ज्या टेबलावर हलवण्यात आले, ते टेबल वेगळे आहे, आणि हा फरक कदाचित तिलाही घरी नीट सांगता आला नसावा.

आपल्याकडच्या जुन्या वस्तीतले एखादे घर डोळ्यांसमोर आणा. वरून पाहिले तर एक छप्पर आहे. खाली दोन भावांची वाटणी झालेली आहे, मधे भिंत आहे, विजेचे दोन मीटर आहेत, नळ मात्र एकच आहे आणि तो वारलेल्या वडिलांच्या नावावर आहे. कर विभागाच्या नोंदवहीत या घराला 4-12-87 अशा धाटणीचा क्रमांक आहे, नगर भूमापन कार्यालयाच्या मिळकत पत्रिकेवर त्याच जागेला वेगळा सीटीएस क्रमांक आहे, पाणीपुरवठ्याकडे तिसराच ग्राहक क्रमांक आहे आणि महावितरणच्या बिलावर बारा आकडी चौथा. एका यादीत आडनाव आधी, दुसरीत नंतर. एकीत 'शेख', दुसरीत 'शेक'. यंत्राला छप्पर एकच दिसते आणि ते एकच घर आखते. ही चार नावे आणि चार क्रमांक एकाच उंबरठ्याचे आहेत हे ठरवणारे, ठरवल्यावर नोंदवणारे आणि पुढच्या वर्षी तिसऱ्या भावाचा हिस्सा निघाला की ती नोंद बदलणारे माणूस लागते. आपली कन्या आज ते काम करते आहे.

या कामाची किंमत मला पुस्तकातून कळली नाही. मार्गदर्शनाच्या व्यवसायात येण्यापूर्वी काही वर्षे मी एका कंत्राटदाराकडे साइट सुपरवायझर होतो. एका नगर परिषदेच्या हद्दीत रस्त्याचे काम चालू असताना आमच्या जेसीबीने पाण्याची मुख्य वाहिनी फोडली. पाणी बंद करायचे तर व्हॉल्व्ह सापडायला हवा. कार्यालयातून आणलेला नकाशा घडीवर फाटलेला होता आणि त्यावर दाखवलेल्या ठिकाणी खोदले तर नुसता मुरूम. शेवटी एका निवृत्त व्हॉल्व्हमनला मोटारसायकलवर बसवून आणले. त्यांनी चिंचेच्या झाडाला पाठ लावली, मशिदीच्या कोपऱ्याकडे तोंड केले, चौदा पावले मोजली आणि टाच आपटून म्हणाले, 'इथं खांदा.' दोन फुटांवर झाकण लागले. तोवर तीन तास पाणी वाहिले होते आणि त्या भागाची पाण्याची पाळी पाच दिवसांनी यायची होती. चिंचेचे ते झाड पुढे रस्तारुंदीकरणात गेले. त्या गृहस्थांनी पावले मोजलेली जागा त्या दिवशीही कोणी नकाशावर नोंदवली नाही, मीही नाही.

शहराचा नकाशा एकदा तयार करणे फारसे अवघड राहिलेले नाही. निविदा निघते, एजन्सी येते, ड्रोन उडतो, सादरीकरण होते, हार्डडिस्क सुपूर्द केली जाते. अवघड भाग त्यानंतर सुरू होतो, कारण नकाशा सुपूर्द झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून शिळा होऊ लागतो: नवा मजला चढतो, नवा प्लॉट पडतो, जुनी वाहिनी बंद करून शेजारून नवी टाकली जाते. ज्या विभागाने हा बदल केला त्याला तो ठाऊक असतो, उरलेल्यांना नसतो, आणि म्हणूनच एका विभागाने डांबर टाकायचे आणि दुसऱ्याने आठवड्याने ते उकरायचे हा प्रकार आपण सगळे पाहत आलो आहोत. केंद्र शासनाने मार्च 2023 मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप सुरू केले ते याचसाठी, की खोदणाऱ्याने आधी कळवावे आणि जमिनीखाली ज्यांच्या वाहिन्या वा केबल आहेत त्यांना वेळेत सूचना जावी. पण ज्याच्याकडे स्वतःच्या वाहिनीचा विश्वासार्ह नकाशाच नाही, तो सूचना मिळूनही काय सांगणार?

यावरचा उपाय कागदावर सोपा आहे. नकाशाच्या प्रत्येक स्तराला (एका विषयाच्या थराला) एकच पालक विभाग असावा. म्हणजे जलवाहिन्यांचा स्तर पाणीपुरवठा विभागाचा, विकास योजनेतील आरक्षणांचा नगररचनेचा, मिळकतींचा कर विभागाचा. बदल करण्याचा अधिकार त्या एकाच विभागाला, पाहण्याचा सर्वांना. पेन ड्राइव्हवरून प्रती वाटण्याऐवजी सर्वांनी एकाच सर्व्हरवरचा स्तर आपापल्या पडद्यावर उघडावा, जेणेकरून 'अंतिम', 'अंतिम नवीन' आणि 'अंतिम नवीन 2' अशा तीन फाइली तीन टेबलांवर तयार होणार नाहीत. आणि प्रत्येक स्तरासोबत तो कोणी, कधी, कशावरून तयार केला आणि किती अचूक आहे याची नोंद असावी, जिला या क्षेत्रात मेटाडेटा म्हणतात. प्रत्यक्षात मात्र कन्येला काय मिळत असेल याचा अंदाज मी बांधू शकतो. कोणी शेपफाइल (नकाशाचा स्तर साठवण्याचा एक प्रचलित फाइल-प्रकार) पाठवताना चार सोबती फाइलींपैकी एकच जोडतो. प्रक्षेपणाची, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर कशी उतरवली याची, माहिती असलेली फाइल हरवल्यामुळे सगळे शहर अरबी समुद्रात जाऊन पडते. मराठवाड्याचा जवळजवळ सर्व भाग यूटीएम या जगाचे पट्टे पाडणाऱ्या प्रक्षेपण-पद्धतीच्या 43 उत्तर या पट्ट्यात येतो, हे ठाऊक असलेली व्यक्ती ते पाच मिनिटांत जागेवर आणते. जुना नकाशा एव्हरेस्ट गोलाभावर आणि नवा डब्ल्यूजीएस 84 वर (पृथ्वीच्या आकाराची ही दोन वेगवेगळी गृहीतके) असेल, तर घर शेजारच्या गल्लीत सरकलेले दिसते. शेपफाइलमध्ये रकान्याचे नाव दहा बाइटपुढे जात नाही आणि युनिकोडमधले देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइट खाते, म्हणून 'मालकाचे नाव' आणि 'मालकाचा पत्ता' हे दोन्ही रकाने कापले जाऊन सारखेच दिसू लागतात. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेली मराठी नावे उघडली की अगम्य चिन्हांची रांग समोर येते. आणि आपल्या भागात निजामकाळातली उर्दू दप्तरे आहेत, ती वाचू शकणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत, ही अडचण पुणे-नाशिकच्या मुलांना माहीतही नसते.

तांत्रिक अडचणी तरीही सुटतात. खरी गाठ माणसांपाशी असते. विभाग आपला डेटा का देत नाहीत, यावर बरेच जण 'मुजोरी' असे एका शब्दात उत्तर देऊन मोकळे होतात. माझे निरीक्षण वेगळे आहे. बहुतेक वेळा ती लाज असते. आपल्या नकाशात चुका आहेत हे त्या कनिष्ठ अभियंत्याला पक्के ठाऊक असते, आणि तो नकाशा दुसऱ्याच्या हाती गेला की चुका आपल्या नावावर निघतील, अशी त्याला धास्ती असते. त्यामुळे चूक दाखवताना समोरच्याला उघडे न पाडणे हे या कामातले कौशल्य आहे. दुसरे कौशल्य म्हणजे टिप्पणी लिहिणे. हसू नका, कोणता स्तर कोणत्या विभागाने कोणत्या तारखेपर्यंत अद्ययावत करावा, हे दीड पानाच्या नेटक्या मराठी टिप्पणीत मांडून त्यावर आयुक्तांची स्वाक्षरी मिळवणाऱ्या व्यक्तीला जो डेटा मिळतो, तो पायथन ही संगणकाची भाषा उत्तम येणाऱ्यालाही मिळत नाही.

हे काम निकडीचे का आहे, ते नांदेडकरांना विचारावे. विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले आणि गोदावरी चढू लागली की किती पाण्याला कोणती वस्ती आधी बुडेल हे सांगण्यासाठी जमिनीची उंची एका खात्याकडून, घरे दुसऱ्याकडून, रोहित्रांची ठिकाणे तिसऱ्याकडून घ्यावी लागतात. ती त्या रात्री मागून जुळत नाहीत, आधीच जुळलेली असावी लागतात. न्यूयॉर्कमध्ये 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यात शहराचे आपत्कालीन केंद्रच नष्ट झाले होते, तरीही काही दिवसांत बंदराच्या एका धक्क्यावरच्या इमारतीतून बचाव पथकांना नकाशे मिळू लागले, कारण सगळ्या विभागांना चालणारा एकच आधारनकाशा शहराने आधी करून ठेवला होता.

शासनाचे धोरणही याच दिशेने आहे. केंद्राच्या 15 फेब्रुवारी 2021 च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय संस्थांना नकाशे तयार करण्यासाठी लागणाऱ्या पूर्वपरवानग्यांचे जाळे काढून टाकले आणि 2022 च्या अखेरीस राष्ट्रीय भू-स्थानिक धोरण आले. अमृत योजनेतील शहरांच्या विकास योजना जीआयएसवर तयार होत आहेत. मात्र धोरण आले म्हणून पद मंजूर होते असे नाही, हे आपणास सांगायला हवे. महापालिकांमधील असे बहुतेक काम आजही कंत्राटी आहे, आणि कंत्राट संपले की सर्व्हरचा पासवर्डही एजन्सीबरोबर निघून जातो, असे मी एकाहून अधिक ठिकाणी ऐकले आहे. आपली काळजी इथे योग्य आहे.

म्हणून माझा सल्ला असा. आणखी दोन वर्षे तिने हे काम करावे, परंतु मुदत ठरवून आणि हातात काही पाडून घेऊन. क्यूजीआयएस हे नकाशांचे सॉफ्टवेअर तिला येतच असेल. आता तिने पोस्टग्रेस आणि पोस्टजीआयएस हा डेटाबेस मनापासून शिकावा, कारण 'नकाशा काढता येतो' आणि 'नकाशाचा डेटाबेस सांभाळता येतो' या दोन वाक्यांत पगाराचे अंतर आहे. दोन्ही प्रणाली मोफत आहेत. घरी बऱ्यापैकी लॅपटॉप असला की पुरे. डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था ही इस्रोची संस्था ऑनलाइन अभ्यासक्रम विनाशुल्क चालवते, ते तिने घ्यावेत. पुढे शिकायचे असल्यास पुण्यात जिओइन्फर्मेटिक्सची एम.एस्सी. करता येते, एम.टेक.साठी सहसा अभियांत्रिकीची पदवी किंवा एम.एस्सी. लागते, आणि गेट या अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेत 2022 पासून जिओमॅटिक्सचा स्वतंत्र विषय आहे. नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आणि या क्षेत्रातील खासगी कंपन्या अनुभव पाहतात, त्यामुळे तिने जुळवलेल्या स्तरांचा वृत्तांत स्वतःपाशी लिहून ठेवावा. मात्र त्यात नागरिकांची नावे किंवा मोबाइल क्रमांक बाहेर जाता कामा नयेत. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा 2023 साली झाला आहे आणि विश्वासाचा प्रश्न त्याहून जुना आहे.

राहिला परीक्षेचा विषय. ग्राम महसूल अधिकारी पदाला कोणत्याही शाखेची पदवी चालते, तेव्हा जाहिरात आली की तिने अर्ज जरूर करावा. त्यासाठी नोकरी सोडण्याची आवश्यकता मला दिसत नाही. सकाळचे दोन तास आणि रविवार नियमाने दिले तर तयारी होते. उलट भूमी अभिलेख खात्यातील भूकरमापक हे पद तिच्या कामाला जवळचे वाटले, तरी त्याला आजवर स्थापत्य पदविका किंवा आयटीआयचा सर्वेक्षक अभ्यासक्रम मागितला गेला आहे. केवळ भूगोलाच्या पदवीवर विसंबून त्याच्या क्लासची फी भरू नका.

एक काम मात्र आपण या आठवड्यातच करावे. तिच्या नेमणुकीच्या पत्राची प्रत मागवून घ्या आणि भविष्य निर्वाह निधी प्रत्यक्ष भरला जातो का, पदनाम 'डेटा एंट्री ऑपरेटर' लिहिले आहे की 'जीआयएस' हा शब्द त्यात आहे, हे पाहा. तो शब्द नसेल तर पुढच्या मुदतवाढीपूर्वी तिने लेखी विनंती करून पदनाम बदलून घ्यावे. दोन वर्षांनी अनुभवाच्या दाखल्यावर तोच शब्द वाचला जाणार आहे. पत्राची प्रत मला पाठवलीत तर विनंती अर्जाचा मसुदा मी करून देईन.

आपला,
करिअर सल्लागार, छत्रपती संभाजीनगर