ऊस इथला, कायदा इथला, मग जिनिव्हा मधे कशाला?

प्रश्न : वकीलसाहेब, नमस्कार. माझा तीन एकर ऊस आहे. थकलेली एफआरपी (सरकारनं कायद्यानं ठरवलेला उसाचा किमान भाव) मागायला कारखान्यावर गेलो, तर तिथला माणूस म्हणाला, "एफआरपीच बेकायदा आहे, जागतिक व्यापार संघटनेचा निकाल झालाय." आपला कायदा मोठा की त्यांचा?
– एक ऊस उत्पादक, माजलगाव तालुका

उत्तर : अर्धं खरं सांगून तुमची बोळवण केली त्यानं. निकाल झालाय, या संघटनेच्या जिनिव्हातल्या मुख्यालयात. ब्राझील, ऑस्ट्रेलिया, ग्वाटेमालाच्या तक्रारींवर डिसेंबर २०२१ मध्ये. २०१४-१५ ते २०१८-१९ या पाच हंगामांत उसाला दिलेला आधार संघटनेच्या करारातल्या, उत्पादनाच्या किमतीच्या १० टक्के या मर्यादेपलीकडे गेला, असं तक्रार ऐकणाऱ्या पॅनलचं म्हणणं. पैसे कारखाना देतो, सरकार नाही, हा भारताचा बचाव टिकला नाही. भाव कायद्यानं बांधला, म्हणजे आधार सरकारचाच.

आता मोठं कोण? अंबाजोगाईला माझा एक पक्षकार होता. आडत्याची उचल बुडवली आणि कोर्टात सांगितलं, "आम्ही भावाभावांनी बसून ठरवलंय, यंदा कुणाचं देणं द्यायचं नाही." न्यायाधीशांनाही हसू आवरलं नाही. देशांचं तसंच. घरचा कायदा दाखवून बाहेरच्या करारातून सुटता येत नाही. अमेरिकेतल्या यादवीत बंडखोरांसाठी 'अलाबामा' जहाज इंग्लंडात बांधलं गेलं. 'आमच्या कायद्यात अडवायची पुरेशी सोय नव्हती,' हे इंग्लंडचं म्हणणं १८७२ साली जिनिव्हातच लवादानं फेटाळलं. १ कोटी ५५ लाख डॉलर मोजावे लागले. १९६९ च्या व्हिएन्ना कराराच्या २७ व्या कलमात हाच नियम आहे. भारत त्या करारात नाही, पण आंतरराष्ट्रीय रूढी म्हणून हा नियम त्यालाही चुकत नाही.

पण इथं नीट लक्ष द्या. जिनिव्हात उत्तर द्यायचं ते भारत देशानं. तुम्ही नाही, कारखानाही नाही. तिथल्या निकालानं इथला कायदा आपोआप रद्द होत नाही; बदलायचा तर दिल्लीनं. शिवाय जानेवारी २०२२ मध्ये भारतानं अपील केलंय, आणि अपील ऐकणारं मंडळ सदस्यांअभावी २०१९ च्या डिसेंबरपासून बंद. (आमच्याकडच्या तारखा बऱ्या म्हणायच्या!)

तेव्हा १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश तुमच्या कारखान्याला लागू आहे. १४ दिवसांत पैसे, नाहीतर १५ टक्के व्याज. वजनाच्या पावत्या जोडून पुण्याला साखर आयुक्तांकडे अर्ज करा, आरआरसीची (थकलेले पैसे महसुलाच्या थकबाकीसारखे वसूल करण्याच्या दाखल्याची) मागणी करा. आणि त्या माणसाला म्हणावं, 'एफआरपी बेकायदा' हे कारखान्याच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी लिहून दे. नाही देणार.