रस्ता रुंद होणार. ताबा पावतीवर सही मात्र घाईने नको

प्रश्न : महापालिका हद्दीत, जुन्या गावठाणात आमचं वडिलोपार्जित दुमजली घर आहे. तळमजल्यावर दोन गाळे. एकात माझं स्टेशनरीचं दुकान, दुसऱ्यात वडिलांच्या काळापासूनचे भाडेकरू. समोरचा ९ मीटरचा रस्ता १५ मीटर होणार आहे. विकास आराखडा २०११ पासून लागू आहे. गेल्या आठवड्यात भिंतीवर लाल रंगाने खूण केली. आमच्या बाजूने साडेचार मीटर जाणार, समोरून फक्त दीड. गुरुवारी नोटीस आली की सात दिवसांत बाधित भाग काढून घ्या. कनिष्ठ अभियंता म्हणतात, रोख भरपाईला निधी नाही, टीडीआर (जमिनीच्या बदल्यात मिळणारा, दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) घ्या आणि संमतीपत्र व ताबा पावतीवर सही करा. दुकानापुढे पायऱ्या आणि पत्र्याची शेडही आहे. मालमत्ता पत्रकावर माझ्यासह चुलत भाऊ आणि दोन आत्यांची नावं आहेत. काय करावं?

उत्तर : रस्ताच होऊ द्यायचा नाही, या भरीस पडू नका. मंजूर आराखड्यातल्या रस्त्याला न्यायालय सहसा सरसकट स्थगिती देत नाही. दिली तर ती प्रक्रियेतल्या चुकीपुरती. तुमचं भांडण दोनच गोष्टींचं आहे. रेषा नेमकी कुठून जाते, आणि जमिनीचे पैसे कोण, कधी, कोणत्या रूपात देणार. ही उत्तरं कागदावर येत नाहीत तोवर ताबा पावतीला हात लावू नका.

हे इतकं ठासून सांगण्याला कारण आहे. माझ्या एका पक्षकाराने उभ्या जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून अशीच सही केली होती. छापील मजकुरात मधेच ‘स्वखुशीने व विनामोबदला’ असे शब्द होते. ते त्यांनी वाचले घरी आल्यावर, चष्मा लावून. भिंत दुपारीच पडली होती. पुढची कित्येक वर्षं आम्ही त्या तीन शब्दांशी झगडलो.

आता नोटिशीकडे वळू. तिची प्रत तुम्ही पाठवलेली नाही, पण ‘सात दिवस’ या आकड्यावरून अंदाज बांधता येतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम २१३ मध्ये सात पूर्ण दिवसांची नोटीस आहे, पण ती मोकळी जागा, ओटा, पायऱ्या, कुंपण अशा इमारतीबाहेरच्या गोष्टींसाठी. इमारतीचा भागच रस्त्याच्या नियमित रेषेत, म्हणजे पालिकेने ठरवलेल्या रस्त्याच्या हद्दीत, येत असेल तर कलम २१२ लागतं आणि त्याची वाट लांबची आहे. आधी ‘हा भाग का पाडू नये’ अशी कारणे दाखवा नोटीस, मग तुमचं लेखी म्हणणं, ते पटलं नाही तर स्थायी समितीची मान्यता, आणि त्यानंतर पाडण्यासाठी मुदत देणारी दुसरी नोटीस. घर पाडायला सांगणारी पहिलीच नोटीस सात दिवसांची असेल, तर पायऱ्यांचं कलम भिंतीला लावलं गेलंय. ही चूक मला इतक्यांदा दिसते की आता तिला चूक म्हणावं की सवय, असा प्रश्न पडतो.

शिवाय नियमित रेषा आकाशातून पडत नाही. जुनी रेषा बदलून नवी ठरवायची तर कलम २१० प्रमाणे किमान एक महिना आधी जाहीर सूचना द्यावी लागते, त्या रस्त्यावर ती लावावी लागते, आलेल्या लेखी हरकतींचा विचार करावा लागतो आणि सभेची मान्यता लागते. लोकनियुक्त सभागृह नसेल त्या काळात हेच अधिकार प्रशासक वापरतो, पण तेव्हाही ठराव होतो आणि ठरावाला क्रमांक असतो. तो क्रमांक आणि तारीख मागा. ‘आराखड्यात आहे’ हे तोंडी उत्तर पुरेसं नाही.

साडेचार आणि दीड, हा मला तुमच्या पत्रातला सगळ्यात बोलका तपशील वाटतो. रुंदी ९ वरून १५ करायची म्हणजे ६ मीटर वाढवायची. दोन्हीकडून तीन-तीन मीटर घ्यावेत असा काही कायदा नाही. मंजूर आराखड्यातच रेषा तुमच्या बाजूला सरकलेली असेल, तर तिच्यावर हरकत घेण्याची वेळ आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हाची होती. पण मंजूर आराखड्यात रस्ता मध्यरेषेपासून सारखा दाखवलेला असेल आणि जागेवर आखणी करताना तो तुमच्याकडे ढकलला असेल, तर तो आराखड्यातला बदल झाला. असा बदल अभियंत्याच्या रंगाच्या डब्याने होत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ प्रमाणे सूचना, हरकती आणि शासनाची मंजुरी लागते.

म्हणून नगररचना विभागातून आराखड्याचा साक्षांकित भाग नकाशा काढा. तो हातात आला की पट्टी लावून निष्कर्ष काढू नका. १:४००० प्रमाणाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर २ मीटर. पेनाच्या टोकाच्या जाडीत तुमच्या दुकानाचा निम्मा गाळा मावतो! त्यामुळे नगर भूमापन कार्यालयाच्या मोजणीसह संयुक्त सीमांकन मागा, समोरच्या मिळकतींसकट, आणि त्या वेळी जातीने हजर राहा. पंचनाम्यावर असहमती असेल तर ‘मोजणी मान्य नाही’ असं स्वतःच्या हाताने लिहूनच सही करा.

सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी उत्तर प्रदेशातल्या महाराजगंजच्या प्रकरणात हीच शिस्त घालून दिली आहे. रस्ता रुंदीकरणात घर पाडलं गेलं होतं. न्यायालयाने २५ लाख रुपयांची अंतरिम भरपाई द्यायला लावली आणि क्रम सांगितला. अभिलेखावरून रस्त्याची सध्याची रुंदी ठरवा, मोजणी करा, अतिक्रमण आढळलं तर नोटीस द्या, हरकतीवर सकारण आदेश करा. आणि असलेली रुंदी पुरत नसेल तर जमीन कायद्याने संपादित करा. तुमच्या उत्तरात या निकालाचा उल्लेख हवाच.

आता ‘निधी नाही’ या वाक्याकडे येऊ. रस्त्याच्या कामाचं अंदाजपत्रक माहितीच्या अधिकारात मागवलंत की त्यात खडीकरण, काँक्रीट, पावसाळी गटार, विजेचे खांब हलवण्याचा खर्च हे सगळं पैशापर्यंत मांडलेलं दिसेल. भूसंपादनाची ओळ मात्र बऱ्याचदा कोरी असते. म्हणजे ठेकेदाराचे पैसे धरलेले, जमीनमालकाचे नाहीत. रस्त्याचा तेवढा खर्च तुमच्या भिंतीतून निघावा अशी अपेक्षा. प्रशासकीय मान्यतेची प्रत, अंदाजपत्रक आणि चालू वर्षातली भूसंपादनाची तरतूद, हे तीन कागद मागा. माहिती अधिकाराला ३० दिवस लागतात, म्हणून नोटिशीच्या उत्तरातही त्यांची मागणी नोंदवा.

कायदा म्हणतो ते असं. १९६६ च्या अधिनियमाच्या कलम १२६ मध्ये आरक्षित जमीन घेण्याचे तीन मार्ग आहेत : करार करून ठरलेली रक्कम, जमिनीच्या बदल्यात चटईक्षेत्र (उरलेल्या जागेवरच जादा बांधकामाची मुभा) किंवा टीडीआर, नाहीतर भूसंपादन कायद्याखाली संपादन. टीडीआर हा देवघेवीचा मार्ग आहे, त्याला तुमची राजीखुशी लागते. नको असेल तर पालिकेने भूसंपादनाकडे जावं. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात शहरी भागात बाजारमूल्य, त्यावर बांधकामाची किंमत, आणि या सगळ्यावर १०० टक्के दिलासा रक्कम असा हिशोब होतो. निवाड्याच्या रकमेवर कलम ९६ प्रमाणे आयकरही नाही. पालिका कलम २१२ नेच गेली तर १९४९ च्या अधिनियमातल्या कलम २१६ खाली नुकसानभरपाई द्यावी लागते, त्यात तुम्हाला झालेला खर्चही येतो. मात्र तिथे उरलेल्या मिळकतीचा भाव रस्त्यामुळे वाढेल, हा मुद्दा पालिका पुढे करू शकते, कारण कलमातच तशी तरतूद आहे. तुम्ही मागणी २०१३ च्या हिशोबाने करा. वाद होईल, पण मागितलंच नाही तर वादालाही जागा उरत नाही.

टीडीआर वाईटच असतो असं मात्र नाही. हिशोब करून बघा. तुमचा दर्शनी भाग ८ मीटर धरला तर ८ गुणिले साडेचार, म्हणजे ३६ चौरस मीटर जागा जाते. मुंबई सोडून बहुतेक राज्याला लागू असलेल्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत दाट वस्तीच्या क्षेत्रात तिप्पट टीडीआर मिळतो, म्हणजे १०८ चौरस मीटर. ऐकायला छान वाटतं. पण तो वापरताना दोन्ही जागांच्या रेडीरेकनर दरांचं गुणोत्तर लागतं. तुमच्या जागेचा दर वापरणाऱ्याच्या जागेच्या निम्मा असेल तर १०८ चे ५४ च होतात, आणि घेणारा बिल्डर भाव त्यावरच ठरवतो. शहरात टीडीआरला मागणी किती आहे तेही विचारून घ्या, ते प्रमाणपत्र म्हणजे बँकेतली ठेव नव्हे. उलट तुम्ही स्वतःच उरलेल्या जागेवर नव्याने बांधणार असाल, तर तिथेच चटईक्षेत्र घेणं कधी कधी सगळ्यात फायद्याचं ठरतं. नगररचनेचं काम करणाऱ्या वास्तुविशारदाला अर्धा तास द्या.

आराखड्याला दहा वर्षं उलटून गेली म्हणून १९६६ च्या अधिनियमातल्या कलम १२७ ची नोटीस द्या, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. दहा वर्षांनंतर ती देता येते हे खरं, आणि ती मिळाल्यापासून २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द, होतं. पण पालिका तुमच्या दारात पहार घेऊन उभी असताना दोन वर्षांचं औषध उपयोगाचं नाही. शिवाय रेषा कलम २१० खालीही ठरलेली असेल तर १२७ ने ती पुसली जात नाही.

पायऱ्या आणि पत्र्याची शेड मालमत्ता पत्रकाच्या हद्दीबाहेर आहेत का ते आधी बघा. असतील तर त्या स्वतःहून काढून टाका, आणि काढल्याचे तारखेसह फोटो ठेवा. सर्वोच्च न्यायालयाच्या १३ नोव्हेंबर २०२४ च्या बुलडोझर निकालातल्या पंधरा दिवसांच्या नोटिशीचा दाखला हल्ली जो तो देतो; रस्ता, पदपथ अशा सार्वजनिक जागेवरच्या अनधिकृत बांधकामाला तो निकाल लागू नाही. एका शेडपायी तुमची सगळी मिळकत ‘अतिक्रमण’ या एका शब्दात गुंडाळली जाऊ देऊ नका. हद्दीच्या आतलं आणि बाहेरचं, हा भेद पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट लिहा.

घर भारवाही भिंतींचं असेल तर पुढचे साडेचार मीटर कापल्यावर मागचा भाग तग धरेल का, याचा स्ट्रक्चरल इंजिनियरचा अहवाल घ्या. उरलेला भाग वापरण्याजोगा राहत नसेल तर तोही घ्या, अशी विनंती १९४९ च्या अधिनियमातल्या कलम २१४ खाली करता येते. भूसंपादन कायद्याच्या कलम ९४ मध्येही घराचा फक्त तुकडा घेऊ नये, संपूर्ण घ्यावं, असं मालकाला म्हणता येतं. घर ठेवायचं असेल तर नवी दर्शनी भिंत आणि शटर बसवायची परवानगी त्याच आदेशात लेखी मागा. नाहीतर वर्षभराने त्याच भिंतीला अनधिकृत बांधकामाची नोटीस येते. हसू नका, येते.

सहीचा प्रश्न आत्यांवाचून सुटणार नाही. तुम्ही एकट्याने दिलेली संमती तुमच्या हिश्शापुरती. पालिकेला ती चालली तरी उद्या आत्यांची मुलं तुम्हालाच जाब विचारतील. चौघांनी मिळून एकच उत्तर द्या. भाडेकरूंनाही बाहेर ठेवू नका. टीडीआरसाठी जागा बोजारहित द्यावी लागते आणि चालू भाडेकरू हा अडथळाच आहे. उरलेल्या जागेत त्यांना किती फूट, भरपाईत त्यांचा वाटा किती, हे आत्ताच लिहून घ्या. गाळा पडल्यानंतर सगळ्यांचीच भाषा बदलते.

आता उत्तर. ते पुढच्या गुरुवारच्या आत, आयुक्तांच्या नावे, आवक-जावक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. अभियंत्याच्या हातात दिलेलं पत्र दिलं असं धरू नका. गाभा इतकाच ठेवा : “रस्ता रुंदीकरणास आमचा विरोध नाही. कलम, ठराव, मंजूर नकाशा व संयुक्त मोजणी मिळाल्याशिवाय, व भरपाईची रक्कम ठरून ती जमा झाल्याशिवाय ताबा देण्यास आमची संमती नाही. प्रत्यक्ष सुनावणी मिळावी.” यामागे राज्यघटनेचं, मालमत्तेच्या हक्काचं कलम ३००-अ आहे. कोलकाता महापालिकेच्या प्रकरणात मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातले सात उपहक्क मोजून दाखवले आहेत. नोटीस, सुनावणी, सकारण निर्णय, सार्वजनिक हेतू, वाजवी भरपाई, वेळेत प्रक्रिया आणि तिची रीतसर सांगता.

उत्तराला प्रतिसाद न देता यंत्र दारात आलं तर उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या कलम २२६ खाली रिट याचिका हा तुमचा मार्ग. तुमचा जिल्हा कुठला त्यावर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेलं कोल्हापूर सर्किट बेंच. दिवाणी न्यायालयात धावण्याआधी वकिलाशी बोला, १९६६ च्या अधिनियमाच्या कलम १४९ ने तिथला रस्ता अरुंद केलेला आहे. याचिकेची वेळ आली तर लागतील ते कागद आजच एका फाइलला लावा : मालमत्ता पत्रक, कराच्या पावत्या, भाडेपावत्या, नोटिशीचा लिफाफा, आणि भिंतीवरच्या त्या लाल खुणेचा, शेजारी मोजपट्टी धरून काढलेला फोटो. खूण पुसू नका. ती त्यांनी केली आहे, आणि ती कुठे होती हे उद्या तुम्हाला सिद्ध करावं लागेल.