रेतिआरिउस: जाळीवाला की पागकरी?

प्रश्न असा आहे: रोमन ग्लॅडिएटरांवरच्या (प्रेक्षकांपुढे रिंगणात लढणाऱ्या योद्ध्यांवरच्या) मजकुराचे भाषांतर करताना 'रेतिआरिउस'ला 'जाळीवाला' म्हटले तर चालेल का? आणि डोळ्यातल्या 'रेटिना'शी या शब्दाचे काही नाते आहे का?

नाते नक्की आहे. त्याकडे शेवटी येतो. 'जाळीवाला' मात्र मला पटत नाही. जाळी म्हटले की खिडकीची जाळी डोळ्यांपुढे येते, नाहीतर करवंदाची. माशाला पकडते ते जाळे. लॅटिन 'रेते' म्हणजे जाळे, आणि ते घेऊन लढतो तो रेतिआरिउस. त्याच्या या जाळ्याला 'याकुलुम' असेही नाव होते. तो शब्द 'फेकणे' या क्रियापदापासून आलेला आहे. म्हणजे हे पाण्यात लावून ठेवायचे जाळे नव्हे, हाताने फेकायचे आहे. त्याला कोकणात नेमका शब्द आहे: पाग.

खाडीत पाग टाकणारा माणूस ज्याने जवळून पाहिला आहे, त्याला रेतिआरिउस समजावून सांगावा लागत नाही. कडेला शिशाच्या गोळ्या ओवलेल्या असतात, दोरी मनगटाला बांधलेली असते. जाळ्याची एक कड दातांत धरून तो कमरेतून अर्धा वळतो आणि हात सोडतो. क्षणभर जाळे हवेत ताटासारखे गोल उघडते. रिंगणात हेच करायचे, फक्त समोर मासा नाही, तलवार घेतलेला माणूस आहे. फेक चुकली की जाळे ओढून घेऊन पुन्हा फेकायचे, तेवढी सवड मिळाली तर.

बाकीचे बहुतेक ग्लॅडिएटर शिरस्त्राण घालून, ढाल घेऊन उतरत. रेतिआरिउसला दोन्ही नसे. डाव्या हाताला जाड आवरण, डाव्या खांद्यावर वर उचललेला धातूचा पत्रा, आणि हातात जाळे, तीन टोकांचा भाला व खंजीर. 'ग्लॅडिएटर' हा शब्द 'ग्लादिउस' म्हणजे तलवारीवरून आला, आणि याच्याकडे तलवारच नाही! चेहरा उघडा राहतो याचीही किंमत त्याला मोजावी लागे. रोमन चरित्रकार सुएतोनिउस लिहितो की सम्राट क्लॉडियस नुसता तोल जाऊन पडलेल्यांचेही गळे कापायला लावी, विशेषतः रेतिआरिउसांचे, कारण मरतानाचा चेहरा त्याला पाहायचा असे.

त्याचा नेहमीचा प्रतिस्पर्धी 'सेकुतोर', म्हणजे पाठलाग करणारा. त्याचे शिरस्त्राण गुळगुळीत असे, जाळे अडकू नये म्हणून, आणि डोळ्यांपुरती दोन बारीक भोके. त्या ओझ्याखाली तो लवकर दमणार, म्हणून त्याला अंगाशी भिडायची घाई, तर हलक्या रेतिआरिउसला दूर पळत राहण्यात फायदा. या 'सेकुतोर'मधला लॅटिन धातू आणि संस्कृत 'सच्' (सोबत जाणे, अनुसरणे) एकाच मुळाचे आहेत. आपला 'सचिव' त्याच 'सच्'पासून आलेला! भाल्याचे नावही आपल्या ओळखीचे: 'त्रिदेन्स', म्हणजे अक्षरशः त्रिदंत. 'त्रिशूळ' लिहिले तर वाचकाच्या मनात शंकर उभा राहतो. हे मासे मारायचे हत्यार आहे, म्हणून मी 'त्रिदंत' निवडेन.

माद्रिदच्या पुरातत्त्व संग्रहालयात तिसऱ्या शतकातले एक मोझेक आहे. त्यातल्या खालच्या चित्रात कालेंदियो नावाच्या रेतिआरिउसने टाकलेले जाळे आस्त्यानाक्स या सेकुतोरच्या अंगावर नीट पसरलेले दिसते. फेक साधली आहे. तरी वरच्या चित्रात कालेंदियोच जखमी होऊन जमिनीवर पडला आहे आणि खंजीर उंचावून शरण येतो आहे. आस्त्यानाक्सच्या नावापुढे 'जिंकला' असे लिहिले आहे. कालेंदियोच्या नावापुढे फक्त एक छेदलेले वर्तुळ आहे, मृत्यूची खूण.

आता शब्द. मराठीत शस्त्राची धार, तिच्यापासून धारकरी, म्हणजे शस्त्र घेऊन लढणारा. त्याच चालीवर पाग, पागकरी. 'पागी' आणखी सोपा होता, गोव्यात त्या नावाचा मासेमार समाजही आहे, पण गुजरातेत पागी म्हणजे पावलांचा माग काढणारा, आणि तो अर्थ सेकुतोरच्या बाजूला झुकतो. म्हणून पहिल्या उल्लेखाला 'रेतिआरिउस, म्हणजे पाग टाकून लढणारा' असे लिहा आणि पुढे खुशाल पागकरी म्हणा.

राहिला रेटिना. तोही 'रेते'पासूनच, पण वळसा घेऊन आला. ग्रीक वैद्य डोळ्यातल्या या पडद्याला 'अम्फिब्लेस्त्रॉन'सारखा म्हणत, आणि अम्फिब्लेस्त्रॉन म्हणजे कोळ्याचे फेकायचे जाळे, म्हणजे पागच. अरबीत त्याचे जाळ्यावरूनच 'शबकिय्या' झाले, आणि तिथून मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'रेटिना'. हा ग्रीक शब्द वापरणारा गेलेन इ. स. १५७ पासून काही वर्षे पेर्गामोनला ग्लॅडिएटरांचाच वैद्य होता.