एजंट गाठण्याआधी

भावा, घर घ्यायचंय तर आधी बजेट ठरव आणि एजंटाला पाच लाख कमीच सांग. वरचं तो दाखवतोच. दलाली एक टक्का की दोन, कधी द्यायची, हे पहिल्याच भेटीत बोलून घे. नव्या स्कीममधला फ्लॅट असेल तर स्कीमचा आणि एजंटाचा, दोन्ही महारेरा नंबर माग; महारेरा म्हणजे स्कीम आणि एजंटांची नोंदणी करणारं राज्याचं प्राधिकरण.

कोल्हापुरात नागाळा पार्क, रमणमळा बाजूला बघत असशील तर २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी कुठवर आलेलं, ते एजंटाला विचारूच नकोस. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचार; तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल. जुनं घर असेल तर प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे मालकीच्या सरकारी नोंदीचा कागद, आपल्याच वकिलाला दाखव, एजंटाच्या ओळखीतल्या नको. आणि टोकन, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, चेकनंच, पावती घेऊन.