प्लेग्रुपची फी आणि झाकणांचा डबा

“महागड्या प्लेग्रुपला घातले नाही, तर मूल मागे पडेल का?” कांजूरमार्गहून माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या एका आईने हे विचारले, तेव्हा फीसाठी पतपेढीतून कर्ज काढायचे घरात जवळपास ठरलेच होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) मुलगा २२ महिन्यांचा, जेमतेम आठ-दहा शब्द बोलणारा. आई-वडील दोघेही नोकरीला, आणि दिवसभर त्याला सांभाळणाऱ्या आजींचे गुडघे दुखत असल्यामुळे स्वयंपाकाच्या वेळी त्याच्या हाती मोबाइल.

मूल कमी बोलत असेल तर आधी कान तपासून घ्यावेत, असा माझा शिरस्ता आहे. तपासणी व्यवस्थित आली, तेव्हा पुढच्या भेटीला मी आजींनाही बोलावले. स्टीलचा डबा आणि बरण्यांची, तोंडात मावणार नाहीत एवढी मोठी झाकणे मुलासमोर ठेवली. “लाल टाकलंस? आता निळं कुठंय?” असे आजी बोलत गेल्या, आणि सातव्या झाकणाला त्याने स्वतःच “निऱं” म्हणत डबा वाजवला.

“अहो मॅडम, याला काय शिक्षण म्हणायचं?” आजींनी विचारले.

मी त्यांना जमैकातली हकिकत सांगितली. किंग्स्टनमध्ये १९८६-८७ साली वाढ खुंटलेल्या १२९ बालकांचा अभ्यास सुरू झाला. त्यांतल्या काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षे दर आठवड्याला तासभर जाऊन, घरच्याच वस्तूंच्या खेळण्यांनी मुलाशी कसे खेळावे हे आईला दाखवत असत. ही मुले विशीत पोहोचली, तेव्हा त्यांची कमाई अशा भेटी न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त होती.

मात्र तिथे आईच्या पाठीशी प्रशिक्षण दिलेली, पगारी बाई उभी होती. आपल्याकडे असे काही ऐकले की सगळा भार पुन्हा आईवर किंवा आजीवरच पडतो, हे मला खटकते. म्हणून पुढचे बोलणे मी मुलाच्या वडिलांशी केले. कर्ज बाजूला ठेवून स्वयंपाकाला बाई लावायची, रात्रीच्या जेवणाआधीचा अर्धा तास वडिलांनी मुलासोबत बसायचे, अंगणवाडीत आत्ताच नाव नोंदवून वजन-उंची पाहून घ्यायची आणि तीन वर्षांचा झाला की तिथेच पाठवायचे, असे ठरले. शब्द वाढले नाहीत, तर वाचा-उपचारतज्ज्ञांकडे जायचे, हेही मी बजावले.

तीन महिन्यांनी वडिलांनी वहीत ५३ शब्द लिहून आणले होते. त्यांत “निऱं” दोनदा होते.