जमलेली रीतच आड येते तेव्हा

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. ‘कितीतरी दिवस एकाच जागी अडकलेय, बहुतेक माझं डोकंच तेवढं नाही’ असं लिहिलंयस. यातलं अडकणं खरं मानतो, डोक्याचं सोड. चांगली हुशार माणसं अडतात ती बऱ्याचदा आधी काहीतरी फार छान जमलेलं असतं म्हणून.

कागद घे. तीन भांडी आहेत, 21, 127 आणि 3 मापांची. बरोबर 100 मापं पाणी हवंय. मोठं भांडं भरायचं, त्यातून 21 चं एकदा आणि 3 चं दोनदा भरून घ्यायचं. राहिलं 100. अब्राहम लचिन्स या मानसशास्त्रज्ञाचा हा प्रयोग 1942 साली प्रसिद्ध झाला. त्याने लोकांना अशी गणितं ओळीने दिली, सगळी याच रीतीने सुटणारी. हात बसला, आणि मग पुढचं आलं: भांडी 23, 49 आणि 3 ची, हवं 20. बहुतेकांनी पुन्हा मोठंच भांडं भरलं, त्यातून 23 काढले, मग दोनदा 3 काढले. उत्तर बरोबरच आलं म्हणा. पण 23 मधून 3 काढले की काम भागत होतं! आधीची गणितं ज्यांनी सोडवलीच नव्हती, त्यांना ही सोपी वाट सहज दिसली.

खरी गंमत त्यानंतरची. भांडी 28, 76 आणि 3 ची, हवं 25. इथे जुनी रीत चालतच नाही, आणि कितीतरी जण इथे हात टेकून बसले. उत्तर मी लिहीत नाही, तुला एव्हाना दिसलंच असेल.

‘मी तर सगळ्या बाजूंनी विचार केला’ असं तू म्हणशील. बुद्धिबळातले तरबेज खेळाडूही तसंच म्हणत होते. मेरिम बिलालिच या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये त्यांच्यापुढे असा डाव मांडला, की ओळखीची मात लांबची होती आणि कमी चालींची मात जरा अनोळखी. ओळखीची सापडल्यावर ‘आता याहून जवळची शोधतोय’ असं खेळाडू सांगत होते. त्यांच्या नजरेची नोंद यंत्र घेत होतं. नजर पटावरच्या त्या ओळखीच्या चालींच्या घरांवरच घुटमळत होती. ते खोटं बोलत नव्हते. आपण कुठे बघतोय हे आपलं आपल्याला कळत नाही, एवढंच.

म्हणून ‘अजून जोर लाव’ असं तुला कुणी सांगितलं तर ऐकून सोडून दे. जोर जुन्याच रस्त्यावर लागतो. रात्री झोप, सकाळी सुचेल, हा सल्ला त्यामानाने बरा. पण लोक त्याचं जरा जास्तच कौतुक करतात. मनात तेच गृहीत धरून झोपलीस तर सकाळी तेच घेऊन उठशील.

त्यापेक्षा तू वापरत असलेली रीत एका ओळीत लिहून काढ आणि ठरव, आज ही बंद. तिच्यावाचून काय करता येईल? सुरुवातीला काहीच सुचणार नाही आणि चिडचिड होईल, ती होऊ दे. लचिन्सने काही जणांना मधेच कागदावर ‘आंधळेपणा करू नका’ अशा अर्थाची सूचना लिहायला लावली होती, आणि तेवढ्यानेही बरेच जण सोप्या वाटेला लागले. एरवी रीत टाकून द्यायची नाही हं. शंभरातली नव्वद कामं तिच्यावरच उरकतात, प्रत्येक वेळी नव्याने विचार करत बसलीस तर जेवायला वेळ मिळणार नाही.

आता माझं एक काम कर. पुढच्या पत्रात तुझा तो प्रश्न पाठव. आतापर्यंत काय काय करून पाहिलंस ते मात्र एका शब्दानेही लिहू नकोस. हाताशी काय आहे आणि हवंय काय, तेवढंच लिही.